‘सीआयडी’च्या नव्या पर्वाचा पहिला भाग: निकाल त्याच रात्री लागायला हवा होता का?

पूर्वभागातली (२२ डिसेंबर २०२४, सकाळी ९.१०)

काल, म्हणजे शनिवारी २१ डिसेंबरला रात्री दहा वाजता, ‘सीआयडी’च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग आम्ही घरातल्या पाचही जणांनी एकत्र बसून पाहिला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ही मालिका थांबली तेव्हा माझे वडील अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात चादरी विणत होते. आता त्यांनी काम सोडले आहे, पण दहा वाजायच्या आधी जेवण उरकून भिंतीला पाठ टेकून बसण्याची त्यांची जागा सहा वर्षांनंतरही तीच आहे.

आमच्या घरात या मालिकेपुरता एक नियम होता. शेवटच्या जाहिरातीआधी प्रत्येकाने खुनी कोण हे चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचे आणि भाग संपला की डबा उघडायचा. ज्याचे नाव बरोबर निघेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा बसल्या जागी मिळायचा. काल आम्ही डबा काढला, चिठ्ठ्या लिहिल्या, भाग संपला आणि डबा तसाच बंद राहिला, कारण उघडून पडताळायचे तरी कशाशी, हेच कळेना. पथकातल्या अभिजीतने आपला जिवलग मित्र दया याच्यावर गोळी झाडली हे जाहिरातींतून आधीच माहीत झाले होते. ती का झाडली, या कोड्याचे उत्तर काल मिळाले नाही. वडिलांनी शांतपणे विचारले, “मग आजची केस कोणती होती?” मला उत्तर देता आले नाही.

एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजीत आणि डॉक्टर साळुंखे पुन्हा एका चौकटीत दिसले याचा मला मनापासून आनंद झाला. एसीपींची भूमिका करणाऱ्या शिवाजी साटम यांचे वय आज ७४ वर्षांचे आहे आणि त्यांनी त्या खोलीत पहिले पाऊल टाकले तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. परंतु माझे मत असे आहे की, गुन्ह्याचा शोध हाच ज्या मालिकेचा कणा आहे, तिने पुनरागमनाच्या रात्री प्रेक्षकाला एक पूर्ण प्रकरण द्यायला हवे होते. प्रेत सापडले, शोध झाला, खुनी पकडला गेला, आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत दोन मित्रांच्या वैराचा धागा उलगडायला सुरुवात झाली, असे चालले असते. तुम्हां सर्वांना काय वाटते?

सातरस्ता_सायकल (२२ डिसेंबर २०२४, सकाळी १०.४५)

मी आपल्याशी सहमत नाही. पहिल्या पर्वाचे १५४७ भाग झाले. विष, गळफास, बंद खोली, दुहेरी ओळख, विम्याच्या रकमेसाठी केलेला खून, यांतले काहीही त्या वीस वर्षांत दाखवायचे राहिलेले नाही. सहा वर्षांनी परत येऊन लेखकांनी आणखी एक खून दाखवला असता, तर तो १५४८ वा भाग झाला असता. त्याला नवे पर्व म्हणण्याचे कारण उरले नसते. या मालिकेत ज्याला कधीच तडा गेला नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दया आणि अभिजीत यांची मैत्री. ती मोडलेली दाखवणे हाच खरा नवा गुन्हा आहे, आणि त्याचा तपास एका रात्रीत संपला असता तर मला फसवल्यासारखे वाटले असते.

माझ्या घरी काल भाग संपल्यावर अर्धा तास चर्चा चालली होती. खुनी सापडल्यावर इतकी चर्चा कधी झाल्याचे मला आठवत नाही.

जुनी_कॅसेट (२२ डिसेंबर २०२४, दुपारी १२.२०)

दोघांच्याही म्हणण्यात स्मरणाची थोडी गल्लत आहे, म्हणून लिहितो.

ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक प्रकरणे दोन भागांत विभागलेली असत. पहिल्या आठवड्यात प्रेत सापडायचे, संशयित गोळा व्हायचे, आणि उत्तरासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागायचे. एका बैठकीत प्रकरण मिटवण्याची पद्धत नंतरच्या काळात रूढ झाली. तेव्हा ‘निकाल त्याच रात्री’ हा मूळ नियम नव्हता. आपल्यापैकी अनेकांनी मालिका नंतरच्या काळात पाहिली, म्हणून तो मूळ वाटतो.

सायकलरावांना एवढेच सांगायचे आहे की, पथकातल्या माणसांची दुःखे हाही काही नवा विषय नाही. एसीपी प्रद्युम्न यांना स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडावी लागली होती. अभिजीतच्या गेलेल्या स्मृतीचे प्रकरण तर वर्षानुवर्षे अधूनमधून डोके वर काढत राहिले. त्याही आधी, अगदी सुरुवातीच्या काळात, आशुतोष गोवारीकर या पथकात इन्स्पेक्टर वीरेंद्र होते, हे आता किती जणांना आठवते?

आणखी मागे जायचे तर, मालिकेचे निर्माते बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासूनची. साटम तेव्हा बँकेत नोकरी करीत. मला त्या मालिकेतला संथ, रूक्ष तपास अजून आठवतो. तपास रूक्ष असला तरी माणूस खिळून बसतो, हे सिंग यांना तेव्हापासून माहीत आहे, आणि कालच्या भागात मला नेमका तोच विश्वास कमी पडलेला दिसला.

पूर्वभागातली (२२ डिसेंबर २०२४, दुपारी १.०५)

कॅसेटकाका, दुरुस्तीबद्दल आभार. आमच्याकडे टीव्ही २००५ च्या सुमारास आला, त्यामुळे दोन भागांची प्रकरणे मला आठवत नाहीत. तरी एक फरक राहतोच. दोन भागांच्या प्रकरणातही पहिल्या आठवड्याच्या शेवटी प्रश्न काय आहे हे स्पष्ट असायचे: हा माणूस कोणी मारला? काल प्रश्नच धूसर होता. उत्तरासाठी थांबायला वडिलांची हरकत नाही. नेमके कशासाठी थांबायचे हे त्यांना कळायला हवे, इतकेच.

निवृत्त_हवालदार (२२ डिसेंबर २०२४, सायंकाळी ६.३०)

मी ग्रामीण पोलीस दलात ३१ वर्षे सेवा केली, त्यातली बरीचशी स्थानिक गुन्हे शाखेत. मालिकेत दया दरवाजे तोडतो, म्हणून लोक मला नेहमी त्याबद्दल विचारतात. दार तोडण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आहे, पण त्याआधी आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे सांगून आत येऊ देण्याची मागणी करावी लागते. आत पडदा पाळणारी स्त्री असेल, तर तिला बाहेर पडण्याची मुभा आणि वेळ द्यावा लागतो. माझ्या सेवेत दार तोडण्याचे प्रसंग फार थोडे आले, आणि त्यांतल्या निम्म्या वेळा शेजाऱ्याकडे दुसरी किल्ली होती.

कालच्या भागाबद्दल माझे म्हणणे वेगळे आहे. एका पोलीस अधिकाऱ्याने दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडली, हा प्रसंग तपासाच्या दृष्टीने अत्यंत श्रीमंत आहे, आणि लेखकांनी त्याची श्रीमंती वापरली नाही. असे घडले तर पहिल्या तासात काय होते ते सांगतो. गोळी झाडणाऱ्याचे शस्त्र ताब्यात घेतले जाते. त्याला किती राऊंड दिले होते, किती शिल्लक आहेत, रिकाम्या पुंगळ्या किती मिळाल्या, याचा हिशेब नोंदवहीशी ताडून पाहिला जातो. शस्त्र, पुंगळ्या आणि शरीरातून काढलेली गोळी लाखेने सीलबंद करून तपासणीला जातात, कारण पुंगळीच्या तळाशी फायरिंग पिनची खूण उमटते आणि गोळीवर नळीच्या आतल्या आट्यांच्या रेघा उमटतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपास त्याच पथकाकडे राहत नाही. ज्या वरिष्ठाने दोघांना मुलांसारखे वाढवले, त्याच्याच हातात कागद देता येत नाहीत.

आता विचार करा. एसीपी प्रद्युम्न यांना हा तपास करताच येत नाही. दुसऱ्या शाखेचा एक कोरडा अधिकारी येतो, त्यांच्याच टेबलावर बसतो आणि त्यांचाच जबाब नोंदवतो. साटमसाहेबांसारख्या नटाला असा प्रसंग मिळाला असता, तर पर्वाची सुरुवात याहून मोठी काय झाली असती? सायकलराव म्हणतात ती मैत्री आणि या ताईंचे वडील मागतात ती केस, दोन्ही त्या एका जबाबात आली असती.

नवीपेठ_४१३००७ (२२ डिसेंबर २०२४, सायंकाळी ७.०२)

हवालदारकाका, आपण लिहिलेला हा भाग मी आजच्या रात्री पाहायला तयार आहे.

विधिज्ञा (२२ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०)

हवालदारसाहेबांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मी सोलापूरच्या न्यायालयात फौजदारी वकिली करते, आणि माझे अनेक पक्षकार ही मालिका पाहून आलेले असतात. त्यांची ठाम समजूत असते की, आरोपीने पोलिसांसमोर ‘हो, मीच केले’ म्हटले की खटला संपला. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हे जुन्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम २५ मध्ये होते, आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. त्या जबाबामुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागली, उदाहरणार्थ लपवलेला चाकू मिळाला, तर तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो, आणि म्हणूनच पंचांसमक्ष केलेल्या निवेदन पंचनाम्याला एवढे महत्त्व आहे. थप्पड, कबुली आणि बेडी हा मालिकेचा नेहमीचा शेवट न्यायालयात एक दिवसही टिकणार नाही.

हे पर्व डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १ जुलैपासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्या तारखेनंतर घडलेल्या खुनाला जुन्या दंड संहितेचे कलम ३०२ लागत नाही, भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. खुनाच्या प्रयत्नाला ३०७ ऐवजी १०९ लागते. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे बंधनकारक झाले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आली आहे, आणि राज्यांना ती अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्या कार्यालयातले ज्येष्ठ वकील चाळीस वर्षे पाठ असलेले कलमांचे आकडे पुन्हा पाठ करीत आहेत. पोलीस ठाण्यांतही तेच चालले आहे. सहा वर्षांनी परतलेल्या पथकासाठी ‘जग बदलले, कायदा बदलला, आपल्याला पुन्हा शिकावे लागेल’ ही याहून नैसर्गिक सुरुवात कोणती असती? मला तो पहिला भाग पाहायचा होता.

सातरस्ता_सायकल (२२ डिसेंबर २०२४, रात्री १०.१५)

वकीलताई, आपला मुद्दा माहितीपूर्ण आहे, परंतु रात्री दहा वाजता जेवून बसलेल्या कुटुंबाला कलमांचे आकडे हवे असतील असे मला वाटत नाही. नाट्य हे कायद्याचे पाठ्यपुस्तक नव्हे.

विधिज्ञा (२२ डिसेंबर २०२४, रात्री १०.५०)

पाठ्यपुस्तक नव्हे, हे मान्य. पण गेल्या वर्षी एका आईने मला विचारले होते, “मुलाने ठाण्यात मारहाणीला भिऊन हो म्हटले, आता काय उपयोग?” आणि ती जामिनाचा अर्ज करायलाच तयार नव्हती. तिला वाटले होते की सर्व संपले. नाट्याने लोकांच्या मनात काय रुजते याची मला रोज किंमत दिसते, म्हणून मी आग्रहाने लिहिते.

सूक्ष्मदर्शी (२३ डिसेंबर २०२४, सकाळी ८.१५)

मी न्यायवैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, आणि या शास्त्राकडे मी डॉक्टर साळुंखे यांच्यामुळेच वळलो, हे आधी कृतज्ञतेने नोंदवतो. नरेंद्र गुप्ता यांनी ती भूमिका केली नसती, तर माझ्यासारख्या मुलाला प्रयोगशाळेत बसून खून उकलता येतो हे समजले नसते.

मात्र त्यांच्या एका टेबलावर जे घडते, ते प्रत्यक्षात निदान चार ठिकाणी घडते. शवविच्छेदन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते. विषाचा संशय असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून रासायनिक तपासणीला पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तर फॉर्मलिन वापरतात. या बरण्यांची अदलाबदल झाली तर पुरावा हातचा जातो. बोटांच्या ठशांचे काम राज्याच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे असते, शस्त्रांची तपासणी आणखी वेगळ्या विभागात होते, आणि अहवाल यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

मृत्यूच्या वेळेबद्दलही थोडे लिहितो. साळुंखे साहेब ‘रात्री अकरा ते साडेअकरा’ असे सांगतात. शरीर थंड होण्याच्या गतीवरून वेळेचा अंदाज करतात हे खरे आहे, पण आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जिवंत माणसाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. बंद पत्र्याच्या खोलीत पडलेले शरीर थंडच होत नाही, आणि ताठरपणाही लवकर येऊन लवकर जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या अचूकतेने वेळ सांगणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही.

पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार या चुकांची नाही, त्या मी लहानपणापासून प्रेमाने पाहिल्या आहेत. शनिवारच्या भागात प्रयोगशाळेला महत्त्वच उरले नव्हते, याचे मला वाईट वाटले. साळुंखे आणि एसीपी यांची जी नोकझोक असते, तिच्यातून शास्त्र सामान्य माणसापर्यंत पोहोचत असे. भावनेच्या भरात ती मागे पडली.

जुनी_कॅसेट (२३ डिसेंबर २०२४, सकाळी ११.३०)

फ्रेडरिक्सबद्दल अजून कोणी लिहिले नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले, म्हणजे त्यांना जाऊन वर्ष झाले आणि मालिका परत आली. आपण सगळे दया-अभिजीतच्या मैत्रीबद्दल बोलतो, पण ज्या माणसाच्या येण्याने घरातली लहान मुले प्रेताच्या दृश्यातही घाबरेनाशी होत, तो माणूस या वेळी खोलीत नव्हता. शनिवारचा भाग पाहताना माझी नजर तीन वेळा दारापाशी गेली.

नाट्यगृहाच्या_मागे (२३ डिसेंबर २०२४, रात्री ८.००)

मी गेली पंधरा वर्षे हुतात्मा स्मृती मंदिरात होणाऱ्या एकांकिकांना प्रकाशयोजना करतो, त्यामुळे रचनेबद्दल थोडे बोलण्याचा अधिकार घेतो.

पहिल्या प्रवेशाचे काम असे असते की, प्रेक्षकाला आत घेऊन त्याच्या मागे दार लावायचे. त्यासाठी त्याला एकच गोष्ट निश्चित कळावी लागते: इथे काय पणाला लागले आहे? शनिवारच्या भागाने दोन्ही मित्रांची मैत्री पणाला लावली, हे ठीक झाले. परंतु जो प्रेक्षक पहिल्यांदा आला, ज्याला २०१८ पूर्वीचे काहीच माहीत नाही, त्याच्यासाठी ही दोन माणसे एकमेकांची मित्र होती हे दाखवणारा एकही प्रसंग नव्हता. ते गृहीत धरले होते. माझी बारा वर्षांची पुतणी शेजारी बसली होती. तिला एक माणूस दुसऱ्यावर रागावलेला दिसला, याहून अधिक काही दिसले नाही. जी गोष्ट मोडायची आहे ती आधी अखंड दाखवावी लागते. त्यासाठी अर्ध्या तासाचे एक साधे प्रकरण पुरले असते: दोघे मिळून पुरावा शोधतात, एक बोलायला लागला की दुसरा ते वाक्य पूर्ण करतो. मग गोळी झाडायची.

या मालिकेला धाडस करता येत नाही असे कोणी म्हणू नये. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एकाही तोडीशिवाय, सलग एका चित्रणात केला, आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. आम्हां रंगमंचावरच्या लोकांना त्या भागाचे अप्रूप विशेष वाटते, कारण तोड नसली की नटाला लपायला जागा उरत नाही, आणि लेखकालाही उरत नाही. पुरावा कुठे होता, कोणी उचलला, कोण कुठे उभे होते, सगळे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडावे लागते. शनिवारच्या भागात तोडीच तोडी होत्या. पाऊस, डोळा, बंदूक, पुन्हा डोळा. एकाही नटाचा चेहरा मला सलग दहा सेकंद पाहू दिला नाही. शिवाजी साटम यांच्यासारख्या नटापुढे कॅमेरा नुसता स्थिर ठेवला असता तरी पुरले असते.

कुंभारीहून (२४ डिसेंबर २०२४, दुपारी ३.२०)

माझी आई विड्या वळते. कालच्या वरच्या प्रतिसादात पाऊस आणि डोळ्यांचा उल्लेख वाचला, म्हणून लिहावेसे वाटले.

आई ‘सीआयडी’ बघत नाही, ऐकते. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पाने आणि तंबाखू, हातात दोरा. नजर पानावरून उचलली तर विडी वाकडी होते, आणि वाकडी विडी मोजणीत बाद होते. आमच्या घरकुल वसाहतीत कितीतरी बायका याच पद्धतीने मालिका ऐकतात. ‘सीआयडी’ त्यांना आवडायची कारण तीत प्रत्येक गोष्ट कोणीतरी मोठ्याने सांगायचे. “सर, याच्या मुठीत केस आहेत”, “सर, खिडकीची काच बाहेरच्या बाजूला पडली आहे”. शहरातले लोक या बोलण्याला हसतात, हे मी वाचले आहे. माझ्या आईला त्याच बोलण्यामुळे न बघता तपास करता यायचा, आणि काच बाहेर पडली म्हणजे फोडणारा आत होता, हे ती आमच्याआधी सांगायची.

शनिवारच्या भागात बराच वेळ कोणी काही बोलत नव्हते, नुसते संगीत वाजत होते. आईने चार वेळा विचारले, “आता काय झालं गं?” मी सांगत राहिले. पाचव्या वेळेला तिने विचारले नाही.

दुसरी गोष्ट सायकलदादांसाठी. आईला दर आठवड्याला बसता येत नाही. माल जमा करायचा असला की रात्रीही हात थांबत नाहीत. एका रात्रीत संपणारे प्रकरण असले की चुकलेला आठवडा चुकला, पुढचा नवा. सलग गोष्ट असली की चुकलेल्या आठवड्याची भरपाई कोणीतरी बसून सांगावी लागते, आणि सांगणारे माणूस प्रत्येक घरात नसते.

सातरस्ता_सायकल (२४ डिसेंबर २०२४, रात्री ९.१०)

आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. ऐकणाऱ्या प्रेक्षकांचा मी कधी विचारच केला नव्हता. माझे मूळ मत मी सोडत नाही, पण ‘आणखी एक खून दाखवण्यात नवे काय’ असे जे मी लिहिले, ते फक्त माझ्या सोयीचे होते, हे मान्य करतो.

निवृत्त_हवालदार (२५ डिसेंबर २०२४, सकाळी ७.४५)

काच बाहेर पडण्याचा मुद्दा आपल्या मातोश्रींनी बरोबर ओळखला. मात्र थोडे तुकडे दाब येतो त्या दिशेलाही उडतात, म्हणून आम्ही नुसत्या पडलेल्या काचेवर विसंबत नसू, चौकटीत अडकलेल्या तुकड्यांच्या कडाही पाहत असू. हे त्यांना जरूर सांगावे. त्यांना आवडेल असे वाटते.

जाता जाता एक खुलासा. गावाकडे मला विचारतात की सीआयडीत ‘एसीपी’ कसा असतो. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तिथे पोलीस उपअधीक्षक हे पद असते. सहायक पोलीस आयुक्त हे पद आयुक्तालयात असते, जसे आपल्या सोलापूर शहरात आहे. मुंबईच्या गुन्हे शाखेच्या नावातच ‘सीआयडी’ ही अक्षरे आहेत आणि तिथे सहायक आयुक्त असतात. त्यामुळे एसीपी प्रद्युम्न यांचे पद मुंबईपुरते बरोबर बसते.

जुनी_कॅसेट (१९ जानेवारी २०२५, सकाळी १०.००)

गड्ड्याच्या यात्रेमुळे आठ दिवस इकडे फिरकलो नाही. पाहुणे, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी यातून आज मोकळा झालो. मधल्या काळात एका दुसऱ्या गुन्हेमालिकेच्या नव्या पर्वाचा पहिला भाग पाहिला, आणि या धाग्याची आठवण झाली.

‘पाताल लोक’चे पहिले पर्व १५ मे २०२० रोजी आले होते, दुसरे परवा, १७ जानेवारीला आले. म्हणजे इथेही प्रेक्षक जवळजवळ पाच वर्षे थांबले होते. दिग्दर्शन अविनाश अरुण यांचे आहे, ज्यांचे मराठीतले काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तिथेही दोन पोलिसांमधले नाते बदललेले आहे. पहिल्या पर्वात इम्रान अन्सारी हा हाथीराम चौधरीच्या हाताखाली होता. आता तो परीक्षा उत्तीर्ण होऊन आयपीएस अधिकारी झाला आहे आणि हाथीराम आहे त्याच ठाण्यात, त्याच पदावर आहे. हा बदल सांगण्यासाठी लेखकांनी पावसात उभे राहून संवाद म्हणायला लावले नाहीत. त्यांनी दोन केसेस ठेवल्या. दिल्लीत नागालँडच्या एका मोठ्या नेत्याचा खून झाला, तो अन्सारीकडे गेला. एक गरीब बँडवाला बेपत्ता झाला, ती तक्रार घेऊन त्याची बायको हाथीरामकडे आली. कोणाच्या वाट्याला कोणती केस आली, यातच दोघांचे बदललेले स्थान समजले. मग हाथीराम जुन्या कनिष्ठाला ‘सर’ म्हणतो तेव्हा घशात काहीतरी अडकते.

या ताईंनी धाग्याच्या सुरुवातीला जे विचारले होते, त्याचे उत्तर मला तिथे मिळाले. नाते आणि केस यांपैकी एकाची निवड करण्याची गरज नव्हती. हवालदारसाहेबांनी २२ तारखेलाच हे सांगितले होते.

नाट्यगृहाच्या_मागे (१९ जानेवारी २०२५, दुपारी १२.४०)

सहमत. मात्र ती मालिका आठ भागांत संपते, आणि कुटुंबाने एकत्र बसून पाहण्यासारखी नाही. ‘सीआयडी’ला दर शनिवार-रविवारी आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांसमोर उभे राहायचे असते, हे कितीतरी कठीण काम आहे. तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे.

पूर्वभागातली (१९ जानेवारी २०२५, रात्री ११.२५)

सर्वांचे प्रतिसाद मी वेळोवेळी वडिलांना वाचून दाखवले. हवालदारकाकांनी लिहिलेला राऊंड आणि पुंगळ्यांचा हिशेब त्यांना सर्वांत जास्त आवडला, कारण कारखान्यातही सुताची आवक आणि चादरींची जावक अशीच रोज ताडून पाहत, असे ते म्हणाले. विडीकाम करणाऱ्या मावशींचा मजकूर वाचला तेव्हा त्यांनी आत्याची आठवण काढली. तीही ऐकायचीच.

एक महिना आम्ही शनिवार-रविवार पुन्हा बसू लागलो आहोत. आज जेवणानंतर डबा काढला, तेव्हा त्यात २१ डिसेंबरच्या पाच चिठ्ठ्या तशाच पडलेल्या होत्या. धाकटा भाऊ म्हणाला, उघडून बघू, कोणी काय कारण लिहिले होते ते तरी कळेल. वडिलांनी त्या हातात घेतल्या, पण उघडल्या नाहीत. निकाल त्याच रात्री लागला नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्या बाद आहेत, असे सांगून त्यांनी पाचही चिठ्ठ्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि आजच्यासाठी कोऱ्या कागदाचे पाच तुकडे करायला बसले.